पान दिसतं, फोटो दिसत नाहीत

झाडं ओळखायला शिकणाऱ्यांसाठी मी वर्डमध्ये एक छोटी पुस्तिका तयार केली होती. पानं, साली, फुलं, बिया असे एकूण २४ फोटो. ती वेबवर ठेवायची म्हणून 'सेव्ह ॲज'मधून 'वेब पेज' निवडलं, तयार झालेली एचटीएम फाइल सर्व्हरवर चढवली आणि मोबाइलवर उघडली. मजकूर जागच्या जागी, पण फोटोंच्या ठिकाणी रिकामे चौकोन. माझ्या संगणकावर मात्र तीच फाइल अगदी व्यवस्थित दिसत होती.

वर्डच्या नेहमीच्या फाइलमध्ये फोटो तिच्या पोटातच असतो. वेबच्या पानात तसं नसतं, तिथे फोटो कुठे सापडेल याचा फक्त पत्ता असतो. सेव्ह करताना पानाशेजारी एक फोल्डर तयार होतं: पानाचंच नाव आणि पुढे 'अंडरस्कोर फाइल्स'. फोटो त्यात इमेज००१, इमेज००२ अशा नावांनी जातात. हे फोल्डर मी नेलंच नव्हतं.

तेही चढवलं. तरी चौकोन तसेच!

मग ब्राउझरमध्ये एफ१२ दाबून नेटवर्क टॅब उघडला आणि पान पुन्हा लोड केलं. बहुतेक फोटोंपुढे ४०४, म्हणजे 'त्या पत्त्यावर फाइल नाही'. ही टॅब मी आधी उघडायला हवी होती, कारण ब्राउझर नेमका कोणता पत्ता शोधतोय ते तिथे अक्षर न् अक्षर दिसतं. पानात फोल्डरचं नाव कॅपिटल 'टी'ने सुरू होत होतं आणि चढवताना मी ते नीटनेटकं दिसावं म्हणून स्मॉल केलं होतं. विंडोज हा फरक मानत नाही, लिनक्सचा सर्व्हर मानतो. नाव पूर्ववत केलं आणि २१ फोटो आले. फार आनंद झाला, खरंच.

उरलेल्या तिघांनी मात्र संध्याकाळ खाल्ली. त्यांचे पत्ते 'फाइल:///सी:/' असे सुरू होत होते, म्हणजे थेट माझ्याच डिस्कचे. फोटो घालताना मी 'इन्सर्ट'ऐवजी 'लिंक टू फाइल' निवडलं असणार. माझ्या संगणकावर ते दिसणारच, मूळ फोटो तिथेच तर आहेत!

नोटपॅडमध्ये पानाचा सोर्स उघडून पत्ता बदलला, सेव्ह केलं, पुन्हा चढवलं. काही फरक नाही. बराच वेळ शोधल्यावर कळलं की एकाच फोटोचा उल्लेख दोनदा आहे. एक 'व्ही:इमेजडेटा' नावाच्या टॅगमध्ये (टॅग म्हणजे सोर्समधली कोनी कंसातली खूण), दुसरा खाली 'आयएमजी' टॅगमध्ये. पहिला व्हीएमएलचा, म्हणजे चित्रं मांडायच्या मायक्रोसॉफ्टच्या जुन्या पद्धतीचा, जुन्या इंटरनेट एक्सप्लोररसाठी. आजचे ब्राउझर तो भाग टिप्पणी समजून सोडून देतात. मी नेमका तोच दुरुस्त करत बसले होते. २४ फोटोंसाठी फोल्डरमध्ये त्याहून कितीतरी जास्त फाइली का आहेत, हेही तेव्हाच उलगडलं: आकार कमी केलेल्या फोटोची मूळ प्रत वेगळी आणि लहान प्रत वेगळी ठेवली जाते.

यापुढे ठिगळं लावत बसायचं नाही असं ठरवलं. तिन्ही फोटो डॉक्युमेंटमधून काढून साध्या 'इन्सर्ट'ने परत घातले आणि या वेळी 'वेब पेज, फिल्टर्ड' निवडलं. यात व्हीएमएल आणि वर्डचा स्वतःचा बराचसा पसारा गळून पडतो, सोर्स वाचता येतो. मात्र त्यासोबत वर्डला पुढच्या संपादनासाठी लागणारी माहितीही जाते, त्यामुळे मूळ डॉक्युमेंट जपून ठेवावंच.

चढवण्याआधी आता मी पान आणि त्याचं फोल्डर पेनड्राइव्हवर घेते आणि दुसऱ्याच संगणकावर उघडते. त्या दिवशीही तसंच केलं. शेवटच्या ओळीतला बियांचा फोटो तिथे उमटला, मगच अपलोडचं बटण दाबलं.