पाठीवरचा ‘डि’

रविवार, रात्र. इंदूर.

दुपारी वसूने कृष्णपुरा छत्रीच्या, म्हणजे इथल्या होळकरांच्या स्मारकाच्या, दोन्ही प्रिंट्स, एक फिल्मवरची आणि एक डिजिटल, टेबलावर ठेवल्या आणि यांतली फिल्मची कोणती, असे विचारले. मी क्षणाचाही विलंब न लावता डावीकडच्या प्रिंटवर बोट ठेवले. तिने ती उलटली, तर पाठीवर माझ्याच अक्षरात पेन्सिलीने ‘डि’, म्हणजे डिजिटल, लिहिलेले होते. ती हसलीसुद्धा नाही, तेच अधिक लागले.

तीस वर्षे मी येईल त्याला फिल्मच सरस, कारण तिला कमी ताणावे लागते, हा एकच हिशेब ऐकवत आलो आहे. अण्णांच्या याशिका मॅट या फिल्म कॅमेऱ्याची ५६ मिलिमीटरची चौरस निगेटिव्ह बारा इंची प्रिंटसाठी जेमतेम साडेपाच पट मोठी करावी लागते, तर डिजिटलचा २४ मिलिमीटर उंचीचा सेन्सर जवळजवळ तेरा पट. हिशेब आजही खोटा नाही. पण चौकोनी कापल्यावरही डिजिटलचे ४००० पिक्सेल उरतात, म्हणजे इंचाला ३३३, आणि हातभर अंतरावरून पाहणाऱ्या डोळ्याला तेवढे पुरून उरतात. एकोणिसाव्या शतकातले छायाचित्रकार लाला दीनदयाळ यांनी याच शहरात कॅमेरा हाती घेतला तेव्हा काचेची प्लेट जेवढी, तेवढीच प्रिंट निघे. त्यांना हा प्रश्न पडलाच नसता. अण्णांनी त्या याशिकासाठी काय काय विकले, ते आज लिहवत नाही.

रात्री भिंग घेऊन बसलो. उन्हातल्या कळसाची कड डिजिटलमध्ये कोरी पांढरी झाली आहे, फिल्ममध्ये मात्र तिथे दगडाचा पोत शाबूत आहे. एवढा ढळढळीत फरक असूनही मी चुकलो, कारण डिजिटलची फाइल करताना तिचे काळे-करडे रंग मी नकळत अण्णांच्या जुन्या प्रिंट्ससारखे लावत गेलो होतो, आणि दुपारी मी ओळखले ते फिल्मला नव्हे, स्वतःच्याच हौसेला. शिवाय ती निगेटिव्हही घरच्या स्कॅनरवरून त्याच इंकजेट प्रिंटरवर गेली होती, त्यामुळे ही परीक्षा फिल्मची किती आणि स्कॅनरची किती, हे सांगणे कठीणच. एनलार्जरखाली, म्हणजे निगेटिव्हमधून थेट कागदावर प्रकाश पाडून, काढलेली प्रिंट मी अंधारातही ओळखली असती, असे म्हणणार होतो. पण न्हाणीघरातल्या त्या डार्करूमच्या जागी आता वॉशिंग मशीन उभे आहे आणि त्याला परवानगी मीच दिली होती.

दिवाणखान्यासाठी वसूने उजवीकडची, म्हणजे फिल्मची, निवडली आहे. मी जरा सुखावून कारण विचारले, तर म्हणाली, “अहो, त्यात पायरीवर कुत्रं झोपलंय.” तासभर भिंग फिरवूनही ते मला दिसले नव्हते.