कुलूपबंद कपाटातून वर्गातल्या पेटीत

नाशिकमधल्या शाळेचं ग्रंथालय सांभाळताना मला पक्कं कळलं ते एवढंच : मुलं वाचत नाहीत, कारण पुस्तक त्यांच्या हाताला लागतच नाही. त्यामुळे सुरुवात कुलूप काढण्यापासून केली.

आधी दाखल नोंदवही (आलेल्या प्रत्येक पुस्तकाला क्रमांक देऊन केलेली नोंद) आणि कपाटं ताडून पाहिली. तीन ढीग केले : चालू, दुरुस्तीची आणि बाद. बाद पुस्तकं परस्पर रद्दीत घालायची नाहीत. यादी करून, मंजुरी घेऊन, नोंदवहीत शेरा मारायचा. नाहीतर पुढच्या पडताळणीत ती 'गहाळ' दिसतात.

दुरुस्तीत सर्वांत जास्त वेळ पिनांनी खाल्ला. बालपुस्तकं बहुतेक पातळ, पिना मारलेली. नाशिकच्या पावसाळ्यात पिना गंजतात, कागद कुजतो आणि मधलं पान सुटतं. पिना काढून घडीवर तीन भोकं पाडायची, सुई मधल्या भोकातून घालून वरच्या-खालच्या भोकांतून फिरवायची आणि परत मधेच गाठ मारायची. फाटक्या पानाला सेलोटेप नको. ती पिवळी पडते, चिकटा कागदात उतरतो आणि अक्षरं जातात. पातळ कागदाची पट्टी आणि गव्हाची खळ पुरते. बाइंडर कसर लागू नये म्हणून खळीत मोरचूद (कॉपर सल्फेट) घालतात. तो विषारी आहे, मुलांच्या पुस्तकांत अजिबात नको. ओलसर पुस्तकं उन्हात टाकू नयेत, पुठ्ठे वाकतात. सावलीत, पंख्याखाली, उभी उघडून ठेवावीत. कपाटही भिंतीपासून चार बोटं पुढे.

मग वर्गीकरण. ग्रंथालयांत विषयवार क्रमांक देण्याच्या ड्यूईच्या दशांश पद्धतीत मराठी साहित्य ८९१.४६. नोंदवहीत तो क्रमांक मी ठेवलाच, पण 'भुताचं द्या', 'क्रिकेटचं आहे का' असं मागणाऱ्या मुलाला त्याचा काय उपयोग? म्हणून रंगीत टेप लावली : मोठा टाइप आणि भरपूर चित्रं तिथे लाल, छोट्या गोष्टी पिवळी, सलग मोठं पुस्तक हिरवी. पातळ पुस्तकाच्या कण्यावर टेप दिसत नाही, ती मुखपृष्ठाच्या डाव्या कोपऱ्यात लावायची. आणि खाकी कव्हरं काढून टाकायची! ज्या चित्राकडे बघून मूल हात पुढे करतं, तेच त्याखाली झाकलेलं असतं.

चाळीस मुलांच्या वर्गाला पन्नास पुस्तकांची पेटी दिली. चाळीसच दिली तर शेवटच्या मुलाला निवड उरत नाही आणि नावडतं पुस्तक तसंच परत येतं. पेटी दर महिन्याला शेजारच्या तुकडीत. देवघेव दोन विद्यार्थी बघतात : दाखल क्रमांक, हजेरी क्रमांक, तारीख, बस्स.

सातपूर-अंबडच्या कारखान्यांत काम करणाऱ्या घरांतली बरीच मुलं घरी अहिराणी किंवा हिंदी बोलतात. छापील मराठी त्यांना आधी कानाने ओळखीची व्हावी लागते. म्हणून ३५ मिनिटांच्या तासात पहिली सात-आठ मिनिटं मी मोठ्याने वाचते आणि रंगात आलेल्या जागी थांबते. ते पुस्तक टेबलावरच ठेवायचं. पुढे काय झालं ते ज्याला हवं तो उचलतो. निवडताना एकच कसोटी : एक पान वाच, अडलेल्या शब्दाला एक बोट दुमड. मूठ मिटली तर दुसरं घे. पुस्तक अर्धवट सोडायलाही पूर्ण परवानगी.

सारांश लिहून आणायला मात्र सांगू नये. त्यासाठी मुलं सर्वांत लहान पुस्तक शोधतात आणि मागच्या पुठ्ठ्यावरचा मजकूर उतरवून आणतात.

पुस्तक हरवल्याचा दंडही बंद केला. एकदा दंड भरला की पालक पुस्तक घरी आणूच देत नाहीत. हरवलेलं नोंदवायचं, पुस्तक देणं चालू ठेवायचं.

१५ ऑक्टोबरला (वाचन प्रेरणा दिन) आणि २७ फेब्रुवारीला (मराठी भाषा गौरव दिन) अनेक ठिकाणी पुस्तकं टेबलावर मांडतात आणि 'हात लावू नये' अशी पाटी ठेवतात. त्या दोन्ही दिवशी मी पेट्या व्हरांड्यात उघड्या ठेवते आणि मधल्या सुट्टीतही देवघेव चालू असते. आठवी-नववीत पेटी संपवून बसलेल्या मुलांना १८४० पासून चालत आलेल्या नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयाचा रस्ता दाखवते. पालकांना सोबत बोलावूनच, म्हणजे सभासद होण्याचं कामही तिथेच मार्गी लागतं.