शिंपल्याचे बालपण माशाच्या कल्ल्यात

नदीच्या एखाद्या डोहात शेकडो जिवंत शिंपले आढळले, म्हणजे तेथे त्यांचे बरे चालले आहे, असे मी बरीच वर्षे गृहीत धरत होतो. गोड्या पाण्यातील शिंपल्यांचे जीवनचक्र नीट अभ्यासल्यावर ही मोजणी किती अपुरी आहे हे लक्षात आले. अनेक जातींचे शिंपले कित्येक दशके जगतात; युरोपातील थंड, स्वच्छ नद्यांत राहणारा मार्गारिटिफेरा मार्गारिटिफेरा हा मोती-शिंपला तर शंभर वर्षांहूनही अधिक जगतो. त्यामुळे ज्या डोहात गेल्या तीस-चाळीस वर्षांत एकही पिल्लू तगलेले नाही, तो डोहदेखील वरून पाहणाऱ्याला भरलेला दिसतो. आज शिंपले किती आहेत, यापेक्षा त्यांची पुढची पिढी कोठून येणार आहे, हा प्रश्न मला म्हणूनच अधिक महत्त्वाचा वाटतो. आणि तो नदीतल्या शिंपल्यांना जितका लागू आहे, तितकाच मोत्यांसाठी तळ्यात वाढवलेल्या शिंपल्यांनाही लागू आहे.

ही पिढी माशाच्या अंगावरून येते. नर शिंपला शुक्राणू पाण्यात सोडतो, मादी श्वासासाठी आणि अन्नासाठी जे पाणी आत ओढते त्याबरोबरच ते तिच्या शरीरात शिरतात, आणि फलित झालेली अंडी तिच्या कल्ल्यांतच वाढू लागतात. म्हणजे श्वास घेणे, पाण्यातले शेवाळाचे सूक्ष्म कण गाळून घेणे आणि पिल्ले सांभाळणे ही तिन्ही कामे त्याच कल्ल्यांना करावी लागतात. तेथे तयार होणाऱ्या अळीला ग्लोकिडियम म्हणतात. तिला दोन इवल्या झडपा असतात, त्या मिटणारा एक स्नायू असतो, आणि बहुतेक जातींत तिचा आकार अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही लहान असतो. ती पोहू शकत नाही. मादीने बाहेर सोडल्यावर थोड्याच दिवसांत योग्य माशाच्या कल्ल्याला किंवा पराला तिने चिमटा घेतला तर ती जगते, अन्यथा मरते. मार्गारिटिफेराची एक मादी एका हंगामात लाखो अळ्या सोडते, त्यामागचे कारण हेच आहे.

अळी चिकटली की माशाची त्वचा तिच्याभोवती वाढते आणि तिला एका लहानशा कोषात बंद करते. या कोषात तिचे रूपांतर होऊन तिला पाय, कल्ले आणि पचनसंस्था लाभते. बहुतेक जातींत हा काळ काही आठवड्यांचा असतो. मार्गारिटिफेराची अळी मात्र अटलांटिक सॅमन किंवा ब्राउन ट्राउट यांच्या कल्ल्यात सुमारे दहा महिने मुक्काम करते. मासा चुकीच्या जातीचा असेल, तर त्याची प्रतिकारशक्ती तिला काही दिवसांतच झटकून टाकते. हा संबंध माणसाच्या ध्यानात यायला बराच काळ लागला. १७९७ मध्ये राटके या संशोधकाने शिंपल्याच्या कल्ल्यांत या अळ्या पाहिल्या, तेव्हा त्या शिंपल्याचीच पिल्ले आहेत असे त्यांना वाटले नाही; शिंपल्यावर जगणारा हा एखादा वेगळा परजीवी असावा, असे मानून त्यांनी त्याला ग्लोकिडियम पॅरासिटिकम हे नाव दिले. नाव आजही टिकून आहे. मला स्वतःला सूक्ष्मदर्शकाखाली ती झडप पहिल्यांदा मिटताना दिसली, तेव्हा राटके यांचा समज अगदी स्वाभाविक वाटला, कारण आईशी तिचे कोणतेही साम्य नजरेस पडत नाही.

माशापर्यंत पोहोचण्याच्या युक्त्या हा या प्राण्याच्या जीवशास्त्रातला सर्वांत विलक्षण भाग आहे, आणि त्यावर थोडे रेंगाळल्यावाचून मला पुढे जाता येत नाही. उत्तर अमेरिकेतील लॅम्प्सिलिस वंशाच्या मादीच्या प्रावरणाची, म्हणजे शिंपल्याच्या आतल्या मऊ आवरणाची, कड लहान माशासारखी दिसते, तिच्यावर डोळ्यासारखा ठिपकाही असतो, आणि ती पाण्यात सळसळत राहते. शिकारी मासा तिला तोंड मारायला येतो, आणि त्याच क्षणी त्याच्या तोंडात अळ्यांचा लोट शिरतो. काही जाती अळ्यांचे असे पुंजके सोडतात, की ते कृमीसारखे किंवा कीटकाच्या अळीसारखे दिसतात. एपिओब्लाझ्मा ट्रायक्वेट्रा ही जात तर याहूनही पुढे जाते. तळातले दगड उलथून भक्ष्य शोधणारा लॉगपर्च मासा जवळ आला की मादी आपल्या झडपा मिटून त्याचे डोकेच पकडते, अळ्या त्याच्या कल्ल्यांवर सोडते आणि मग त्याला मोकळे करते. ज्या प्राण्याला डोळे नाहीत आणि मेंदूही नाही, त्याच्या शरीरात एका विशिष्ट माशाच्या सवयींचा इतका नेमका ठसा असावा, हे मला कितीही वेळा वाचले तरी जुने होत नाही.

ही जवळीकच त्याचा दुबळेपणा आहे. मिसिसिपी नदीत फ्युस्कोनाया एबेना हा शिंपला एके काळी विपुल होता आणि त्याच्या अळ्या स्किपजॅक हेरिंग या स्थलांतर करणाऱ्या माशावर वाढत. १९१३ मध्ये कीओकक येथे धरण पूर्ण झाले आणि माशाची वर जाण्याची वाट अडली. धरणाने शिंपल्याला थेट काहीच केले नव्हते. वरच्या भागातले प्रौढ शिंपले नंतरही दीर्घकाळ जगत राहिले, परंतु त्यांची पिल्ले तयार होणे थांबले आणि ती संपूर्ण वस्ती हळूहळू म्हातारी होत गेली.

त्याच नदीच्या काठी शिंपल्यांची पैदास करण्याचा एक मोठा जुना प्रयत्नही झाला. १८९१ मध्ये जॉन बोएपल या जर्मन कारागिराने मस्कटीन येथे शिंपल्यांपासून गुंड्या बनवायला आरंभ केला, आणि काही वर्षांतच हा धंदा इतका वाढला की नदीचा तळ उपसला जाऊ लागला. साठे आटू लागल्यावर जवळच फेअरपोर्ट येथे जीवशास्त्रीय केंद्र स्थापन करण्यास १९०८ मध्ये मंजुरी मिळाली. तेथे माशांवर मुद्दाम ग्लोकिडिया चिकटवून ते नदीत सोडले जात. आजच्या हॅचऱ्यांचा, म्हणजे पिल्ले तयार करणाऱ्या केंद्रांचा, पाया याच कामाने घातला. पण उपसा पैदाशीपेक्षा वेगाने चालू राहिला, तर अशा केंद्राने कितीही अळ्या चिकटवल्या तरी त्या अपुऱ्याच पडतात.

माशापासून सुटलेले पिल्लू तळाच्या वाळूत शिरते आणि काही वर्षे तेथेच गाडून राहते. त्याचे कल्ले अजून पुरते तयार नसल्याने ते पायावरच्या रोमकांनी, म्हणजे केसांसारख्या सूक्ष्म तंतूंनी, कण गोळा करून खाते. वाळूच्या कणांमधून खेळते पाणी आणि प्राणवायू मिळणे हीच या वयातली खरी गरज असते. वरून गाळ बसून ती छिद्रे बुजली की पिल्लू गुदमरते, तर वर तोंड काढून बसलेला प्रौढ शिंपला तोच गाळ निभावून नेतो. अमोनियाच्या बाबतीतही पिल्ले फार हळवी असतात, इतकी की अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २०१३ मध्ये गोड्या पाण्यातील अमोनियाचे निकष अधिक कडक केले, त्यामागे शिंपल्यांवरील चाचण्यांचे निष्कर्ष हे महत्त्वाचे कारण होते. याच देशाने २०२३ मध्ये नामशेष ठरवून संरक्षित यादीतून वगळलेल्या २१ जातींपैकी ८ गोड्या पाण्यातील शिंपल्यांच्या होत्या.

आता शेतीविषयी. मोत्यांच्या शेतीला पर्यावरणपूरक म्हणताना शिंपला वेगळे खाद्य मागत नाही आणि पाणी गाळतो, हा मुद्दा पुढे केला जातो, आणि तो खराही आहे. मात्र शेतीसाठी लागणारे प्रौढ शिंपले जर दर वर्षी नदीतून वेचून आणले जात असतील, तर त्या व्यवसायाला मी शेती म्हणणार नाही. तो उपसाच आहे, फक्त मधल्या काळात माल तळ्यात ठेवलेला असतो. शिवाय मोती तयार व्हावा म्हणून शिंपल्यात प्रावरणाच्या तुकड्याचे रोपण करायचे, तर तो तुकडा देणाऱ्या दात्या शिंपल्याचा बळी जातो, आणि शस्त्रक्रियेनंतर काही शिंपले दगावतात, हे हिशेबात धरावे लागते. चीनमध्ये हायरिऑप्सिस क्युमिंगी या जातीचे बीज माशांवर अळ्या चिकटवून हॅचरीत तयार केले जाते. असे बीजोत्पादन हाच टिकाऊ मोतीशेतीचा आरंभ आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्यातही खाचाखोचा आहेत. एकदा अळ्या वाहून नेलेल्या माशात प्रतिकारशक्ती तयार होते आणि पुढच्या खेपेला तो कमी अळ्या टिकू देतो, म्हणून पूर्वी संसर्ग न झालेले मासे लागतात. १९८२ मध्ये आयसम आणि हडसन या संशोधकांनी माशाच्या रक्तद्रवाचा वापर करून माशाविनाच बशीत अळ्यांचे रूपांतर घडवून दाखवले. ज्या जातींचा यजमान मासा दुर्मीळ झाला आहे, त्यांच्यासाठी ही पद्धत मोलाची आहे. नदीत सोडायची पिल्ले मात्र दोन-चार माद्यांचीच असू नयेत, आणि ती शक्यतो त्याच नदीच्या खोऱ्यातील पालकांची असावीत. तळ्यात शेवाळ वाढावे म्हणून शेणखत किंवा रासायनिक खत वारेमाप टाकले, तर बाहेर पडणारे पाणी नदीतल्या पिल्लांनाच मारक ठरते, आणि शिंपल्याने पाणी गाळून केलेली भलाई तेथेच संपते.

परक्या जातींबाबत तर अधिकच सावध राहायला हवे. पूर्व आशियातील सायनानोडोंटा वूडियाना हा शिंपला गवत्या आणि चंदेरी कार्प माशांबरोबर युरोपात पोहोचला, कारण मत्स्यबीज आणताना त्यांच्या अंगावरच्या अळ्या कोणाला दिसल्या नाहीत. म्हणून मासे आणि शिंपले एकत्र वाढवणाऱ्याने दुसऱ्या खोऱ्यातून आलेला मासा तळ्यात सोडण्यापूर्वी काही आठवडे वेगळ्या टाकीत ठेवावा, आणि त्या टाकीच्या तळाशी जे जमेल ते नदीत न ओतता सूक्ष्मदर्शकाखाली तपासावे.

माझ्या वहीत आता शिंपल्यांच्या यादीशेजारी त्याच पाण्यातील माशांची यादी असते. डोहावर गेलो की वर दिसणारे मोठे शिंपले मोजून झाल्यावर मी तळाची वाळू ओंजळी-ओंजळीने चाळणीत घेतो. काही मिलिमीटर लांबीचे, नखाहून पातळ शिंपले त्यात सापडायला अख्खी सकाळ लागते, आणि कित्येकदा सापडतही नाहीत; तेव्हा मोठ्या शिंपल्यांचा आकडा कितीही असला, तरी त्यापुढे मी 'पिल्ले नाहीत' अशी नोंद करतो.