येझदीचा बुश, घरच्या लेथवर

आजचा रविवार लेथवर, म्हणजे धातू फिरवून कातायच्या यंत्रावर गेला. येझदी मोटरसायकलच्या स्विंगआर्मचे (मागचं चाक धरणारा दांडा) बुश (पिनेभोवतीची धातूची नळी) झिजून मागचं चाक डुलत होतं. मैसूरचा कारखाना १९९६ साली बंद पडला, त्यामुळे ओरिजिनल विसरा. भंगारातून गनमेटलची कांडी आणली. तांबं, कथील, जस्त यांचा हा मिश्रधातू पितळेपेक्षा झिजेला चिवट.

गोठ्याशेजारच्या खोलीतला लेथ जुना, पंजाबातल्या बटाल्याचा. त्याला सिंगल फेजची मोटर बसवलीय, नाहीतर थ्री फेज विजेची वाट पाहत रात्र जागावी लागली असती. (ओलितवाल्यांना विचारा!)

खरं काम फिटिंगचं. बुश बाहेरून भोकापेक्षा केसभर जाड ठेवायचा आणि लांब बोल्ट, वायसर लावून हळूहळू ओढून बसवायचा. हातोडी नाही. घट्ट बसताना तो आतून आवळतो, म्हणून रीमर (भोक नेमक्या मापाचं करायचं हत्यार) शेवटी, बुश जागेवर गेल्यावरच. बरेच मिस्त्री आतलं माप आधीच पूर्ण करतात आणि मग पिन जाईना म्हणून ठोकत बसतात.

मोठेबाबा दारातून म्हणाले, "काहून एवढी आटाआटी करून रायला बे? इकत भेटते ना!"

म्हटलं, "भेटते, पण अशी नाही भेटत."

"मंग माह्या पंपाचाबी करून दे."

आता टेबलावर पंपाचा शाफ्ट येऊन पडलाय.