‘रातवा’, अंक पहिला: पेन्सिल पूर्ण, लेटरिंग सुरू

‘रातवा’ या कॉमिकच्या पहिल्या अंकाच्या 24 पानांची पेन्सिल झाली, शाई पान 15 पर्यंत आली आणि लेटरिंग, म्हणजे फुग्यांतली अक्षरं, सहाव्या पानावर आहे.

रात्री मुखवटा चढवून ‘रातवा’ होणाऱ्या महापौरबाईंच्या कथेला अमेरिकन साचा मुंबईत चालत नाही. तिथला मेयर पोलिसांना कामाला लावतो. इथे पोलीस राज्याच्या गृहखात्याचे, आणि 1888 च्या महापालिका कायद्यानुसार कार्यकारी अधिकार पालिका आयुक्तांचे. महापौर नगरसेवकांमधून अडीच वर्षांसाठी निवडून येतो आणि सभागृह चालवतो. आयुक्तांवर हुकूम सोडू शकत नाही. म्हणून रातव्याचा जन्म याच अडचणीतून केला आहे. पान 4 वर मॅनहोलच्या झाकणाखाली जाळ्या बसवण्याची ठरावाची सूचना मंजूर होते, पान 5 वर ती ‘आयुक्तांच्या अभिप्रायासाठी’ रवाना होते, आणि पान 6 वर बाई स्वतः जाळी घेऊन पाण्यात उतरतात. स्पायडरमॅनच्या रेडिओॲक्टिव्ह कोळ्यापेक्षा हे कारण केव्हाही जास्त पटतं.

बोलण्याच्या रीतीही नक्की झाल्या. सभागृहात ‘महापौर महोदया’ आणि ‘हरकतीचा मुद्दा’, दालनात अधिकाऱ्यांकडून ‘मॅडम’, वॉर्डातल्या बायकांकडून ‘ताई’.

शिवाजी पार्कचा महापौर बंगला बाळासाहेब ठाकरे स्मारकाला गेल्यावर महापौर निवास राणीच्या बागेत, म्हणजे भायखळ्याच्या प्राणिसंग्रहालयात आलं, त्याचा फायदा घेतला आहे: रातवा पिंजऱ्यांच्या मागून बाहेर पडते. पेंग्विन फक्त एका चौकटीत. तिथे विनोद ताणायचा मोह आवरला.

पालिका मुख्यालय काढताना एक घोळ हमखास होतो. समोरचं सीएसएमटीही त्याच वास्तुविशारदाचं, एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्सचंच, त्यामुळे छायाकृतीत दोन्ही इमारती एक वाटतात. घुमटावर मशालधारी स्त्री असली तर ते स्टेशन. मुख्यालय महापालिका मार्ग आणि डी. एन. रोडच्या बेचक्यात बसलंय, म्हणून दोन लोपबिंदू (दूर जाणाऱ्या रेषा मिळतात ते बिंदू) घ्या आणि पुढ्यात फिरोजशहा मेहतांचा पुतळा ठेवा. तेवढ्यावर वाचक जागा ओळखतो.

सगळ्यात जास्त वेळ लेटरिंग खातंय. इंग्रजी कॉमिकची अक्षरं बहुधा सगळी कॅपिटल, एका उंचीची, म्हणून ओळी चिकटून बसतात. आपल्याकडे वर रेफ, वेलांटी, अनुस्वार आणि खाली उकार. ओळी जवळ आणल्या की वरचा उकार खालच्या वेलांटीत घुसतो. बालू फॉन्ट 9.5 पॉइंटला घेऊन ओळींचं अंतर 13 ठेवलंय. संवादाचे फुगे रुंद लागतात. ‘अभिप्रायासाठी’ हा एकच शब्द अरुंद फुग्याची अख्खी ओळ खातो, आणि तो तोडला तर वाचणारा अडखळतो. भर द्यायला तिरपं नको, ठळक वापरा; तिरपी केलेली देवनागरी कलंडल्यासारखी दिसते.

इनडिझाइन या पानं लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘वि’ची वेलांटी व्यंजनाच्या उजवीकडे गेली किंवा जोडाक्षरं फुटली तर दोष बहुधा फॉन्टचा नसतो. परिच्छेदाच्या सेटिंगमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर निवडा. भाषा मराठी ठेवा, म्हणजे फॉन्टात सोय असेल तर ‘ल’ आणि ‘श’ आपल्या वळणाचे येतात. ‘छपाक’, ‘धडाम’ मात्र हातानेच. आधी शिरोरेषा लाटेसारखी वाकवून घ्यायची, मग अक्षरं तिला लटकवायची. टाइप केलेलं अक्षर ताणलं की शिरोरेषा एकीकडे जाड, दुसरीकडे बारीक होते.

छपाईचा आकार 7 बाय 10 इंच. ए4 का नाही? उघडलेली ए4 जोडपानं 3 मिमी ब्लीडसह (कापताना जाणारी जादा कड) 426 बाय 303 मिमी होतात आणि 12 बाय 18 इंची शीटची रुंदी जेमतेम 305. मशीनच्या पकडीला जागाच उरत नाही, कडेला पांढरी पट्टी येते. 24 पानं आणि 4 पानी कव्हर, मधोमध पिना. पानसंख्या चारच्या पटीत नसेल तर कोरी पानं गळ्यात पडतात. रात्रीच्या आभाळाला सियान 60 टक्के, मॅजेंटा 40, पिवळा 40, काळा 100. अक्षरांना फक्त काळा 100, ओव्हरप्रिंट (खालच्या रंगावरच छापणं) चालू. चारही शाया अक्षरात आल्या आणि प्लेट केसभर सरकली, तर प्रत्येक मात्रेला रंगीत सावली येते.

तिसऱ्या अंकाच्या कच्च्या आराखड्यात कथा मार्च 2022 मध्ये घडते. पालिकेची मुदत संपते, प्रशासक येतो, बाईंचं दालन जातं. मुखवटा ठेवायचा की उतरवायचा, यावर अजून एकमत नाही.