नारिंगी झेंडा आणि जिम गॅविन

डब्लिनच्या तिरक्या पावसात आज आमच्या क्लबची गेलिक फुटबॉलची (आयर्लंडचा देशी खेळ) मॅच पाहिली. आमच्या एका पोराने गोलपासून ४० मीटरवर आखलेल्या कमानीबाहेरून बॉल गोलच्या बारवरून धाडला आणि नारिंगी झेंडा फडकला. दोन गुण! हा नियम २०२५चा, जिम गॅविनच्या नियम-समितीचा. नुसती पासापासी करत वेळ काढायचं फुटबॉल त्यामुळे सुटलं एकदाचं.

डब्लिनला २०१५ ते २०१९ सलग पाच ऑल-आयर्लंड अजिंक्यपदं जिंकून देणारा हा प्रशिक्षक २०२५मध्येच आयर्लंडच्या राष्ट्रपतिपदाला उभा राहिला. मग भाडेकरूने जास्तीचे भरलेले ३,३०० युरो परत न केल्याचं जुनं प्रकरण निघालं आणि मतदानाआधीच माघार. मतपत्रिकेवर नाव मात्र राहिलं!

शेजारी उभा म्हातारा म्हणे, पक्षानेच त्याला तोंडघशी पाडलं. मला नाही पटत. भाड्यापायी पिचलेलं शहर हे, लोक सोडतात होय?

बाकी, मॅच हरलो.