नाणं चकाचक, डबा मात्र चेपलेला

मामाने त्याची नाणी माझ्या ताब्यात दिली तेव्हा एवढंच म्हणाला, "विकून टाक आता, मला बारीक काही दिसत नाही आणि ते ऑनलाइन वगैरे तुम्हा पोरांना जमतं." मी खोकी घरी आणून उघडली. बरेचसे प्रूफ सेट (म्हणजे संग्राहकांसाठी खास आरशासारखी चकचकीत पाडलेली नाणी), थोडे चांदीचे सुटे, आणि जवळजवळ प्रत्येक डब्याला काही ना काही झालेलं. एकाचा कोपरा चेपलेला, एकाच्या बाहेरच्या पुठ्ठ्याला कसर लागलेली, एकाची बिजागरी निखळलेली आणि एका डब्याच्या झाकणावर कुणीतरी (मामीच, दुसरं कोण) पेनाने हिशोब मांडलेला. आतली नाणी मात्र अशी की वाकून बघितलं तर स्वतःचं नाक दिसावं.

मामाचं मत, "अरे डब्याला कोण बघतंय, लोक नाणं घेतात." मलाही ते पटलं. आणि तिथेच पहिला माती खाण्याचा कार्यक्रम झाला.

पहिल्या सेटचं बाहेरचं कागदी कव्हर फाटलं होतं, मी ते आतून सेलोटेप लावून छान सांधलं, वरून दिसतही नव्हतं, नाण्यांचे सहा फोटो काढले, डब्याचा एक काढला तोही चांगल्या बाजूने, आणि लिहिलं 'ओरिजिनल बॉक्ससकट'. खोटं काही नव्हतं त्यात, असं मी स्वतःला समजावलं. घेणाऱ्याचा आठव्या दिवशी मेसेज, चिडलेला नाही, उलट फार सभ्य: "नाणी सुंदर आहेत सर, पण कव्हर चिकटवलंय हे तुम्ही बोलला नाहीत." झालं, रिटर्न. येण्याजाण्याचा खर्च माझ्या बोकांडी, आणि टेपचा चिकट डाग आता कायमचा, म्हणजे आधी नुसता फाटलेला कागद होता तो आता फाटलेला अधिक बरबटलेला झाला. तेव्हापासून मी डब्याला दुरुस्तीचा हात लावत नाही. धूळ कोरड्या मऊ ब्रशने झटकायची, बस्स.

मग जरा अभ्यास केला तर कळलं की मामा अर्धा बरोबर आहे. ज्या नाण्याची किंमत मुख्यतः त्यातल्या चांदीसोन्याच्या वजनावर ठरते तिथे डब्याला खरंच फार कुणी विचारत नाही. पण टांकसाळीने मुद्दाम संग्राहकांसाठी काढलेला सेट असतो तेव्हा डबा, कॅप्सूल (नाणं ज्यात बसतं ती कडक पारदर्शक गोल डबी), सर्टिफिकेट, बाहेरचं कव्हर हे सगळं मिळून 'सेट' असतो, त्यातलं एक गेलं की घेणारा मनातल्या मनात वजाबाकी सुरू करतो. आणि काही ठिकाणी तर डबाच नाण्याची जन्मपत्रिका असतो. अमेरिकेच्या सरकारी तिजोरीत पडून राहिलेले कार्सन सिटी टांकसाळीचे जुने मॉर्गन डॉलर (चांदीची मोठी नाणी) तिथल्या जीएसए नावाच्या सरकारी खात्याने १९७२ ते १९८० या काळात कडक प्लास्टिकच्या केसमध्ये घालून विकले. आज त्या केसमधलं नाणं आणि केसबाहेर काढलेलं तसंच नाणं यांच्याकडे संग्राहक वेगळ्या नजरेने बघतात, ग्रेडिंग करणारी, म्हणजे नाणं तपासून त्याची प्रत ठरवणारी, एनजीसी कंपनी तर त्या केसवरच पट्टी लावून ग्रेड देते, नाणं बाहेर काढतच नाही. अशी केस तडकली असेल तर ती फोडून नाणं नव्या कॅप्सूलमध्ये घालायची हुशारी करू नका, तडकलेली आहे तशी फोटोत दाखवा.

उलटही होतं बरं का. डबाच नाण्याला खातो. अमेरिकन टांकसाळीचे १९५० ते १९५५ चे प्रूफ सेट छोट्या चौकोनी पुठ्ठ्याच्या डब्यात यायचे, आत नाणी पातळ पारदर्शक पाकिटात आणि ती पाकिटं एकत्र स्टेपल केलेली. ते स्टेपल गंजतं. १९५५ मध्येच त्यांनी डबा सोडून चपटं पाकीट सुरू केलं, म्हणून त्या एका वर्षाचे सेट दोन्ही प्रकारात सापडतात, आणि तिथे मूळ डबा हा बघण्याचा विषय होतोच, भले तो गंजाने तांबूस झालेला का असेना. पुठ्ठ्यातलं गंधक चांदी काळवंडवतं, रबर बँड तर त्याहून वाईट. आणि मऊ पीव्हीसीची (एक प्रकारच्या प्लास्टिकची) पाकिटं, हात लावल्यावर जरा तेलकट वाटतात ना तीच, काही वर्षांनी नाण्यावर हिरवट चिकट थर सोडतात. मामाच्या एका चांदीच्या नाण्यावर तो होता, राणीच्या गालावर शेवाळ धरल्यासारखा. तिथे मूळ पाकीट वगैरे भावना बाजूला ठेवायची, नाणं लगेच बाहेर काढून पीव्हीसी नसलेल्या पाकिटात ठेवायचं आणि लिस्टिंगमध्ये स्पष्ट लिहायचं की अवशेष आहे, नाणं हलवलंय. शुद्ध अ‍ॅसिटोनने तो निघतो, नेलपॉलिश रिमूव्हरने नव्हे, त्यात भलतंच काहीबाही मिसळलेलं असतं. पण सवय नसेल तर नका करू, आणि घासणं तर कुणीच करू नये. डबा खराब असला तर भाव थोडा कमी येतो, घासलेलं नाणं मात्र जाणकार घेतच नाही.

आता तडकलेल्या कॅप्सूलची गोष्ट सांगतो, कारण इथे मी दुसऱ्यांदा आपटलो. एका मोठ्या चांदीच्या नाण्याची कॅप्सूल काठावरून तडकली होती, म्हटलं नवी घालूया, नवी आणली ३९ मिलिमीटरची आणि ते नाणं निघालं अमेरिकन सिल्व्हर ईगल, ४०.६ मिलिमीटरचं. बसेना. मी जरा दाबलं, नाणं सटकलं, आणि प्रतिक्षिप्त क्रिया म्हणतात तसा माझा अंगठा सरळ प्रूफच्या आरशावर. तेव्हा काहीच दिसलं नाही. तीन-चार आठवड्यांनी बघतो तर अंगठ्याच्या रेषा न् रेषा तपकिरी उमटलेल्या, आधारच्या मशीनलाही इतका स्वच्छ ठसा मी कधी दिला नसेल. तर बदलायचीच असेल कॅप्सूल तर आधी आकार मोजा, टेबलावर मऊ कापड घाला, हातमोजे घाला, आणि नाणं फक्त काठाने धरा. आणि बदलल्यावर 'कॅप्सूल नवी आहे, मूळची तडकली होती, तीही सोबत देतोय' असं लिहा.

फोटोंचं म्हणाल तर मी आता उलट क्रम लावतो. पहिला फोटो नाण्याचा, दुसराच फोटो डब्याच्या सगळ्यात वाईट कोपऱ्याचा, जवळून, खिडकीपाशी आडव्या उजेडात म्हणजे पोचा नीट दिसतो. टायटलमध्येच 'बॉक्सला नुकसान' हे शब्द. खाली लिहितो काय आहे, काय नाही: सर्टिफिकेट आहे पण ओलीने फुगलंय, बाहेरचं कव्हर नाही, डब्याला कोंदट वास येतो. वासाचं लिहायला लोक विसरतात, फोटोत तो येत नाही आणि पार्सल उघडताना पहिला तोच येतो. 'किरकोळ झीज' असं मोघम लिहू नका, तुमची किरकोळ आणि घेणाऱ्याची किरकोळ यात फार अंतर असतं. अशा लिस्टिंगला भाव थोडा कमी येतो हे खरंय, पण त्यानंतर माझा एकही रिटर्न आलेला नाही.

सील न तोडलेला टांकसाळीचा पार्सल-बॉक्स असेल तर मात्र थांबा. ग्रेडिंगवाले 'फर्स्ट स्ट्राइक' किंवा 'अर्ली रिलीज' असं लेबल देतात ते नाणं बाजारात आल्यापासून साधारण पहिल्या ३० दिवसांतल्या मालाला, आणि न उघडलेल्या पार्सलवरची तारीख हाच तिथे पुरावा असतो. बाहेरचा खोका कितीही चेपलेला असो, तुम्ही कुतूहलाने तो उघडलात की पुरावा गेला. मामाकडे असा एकच होता, तो मी कुत्र्याने चावल्यासारखा दिसत असूनही तसाच विकला.

दुसऱ्या सेटचा चांगला डबा काढून याला लावणे हा प्रकारही मी करत नाही. दिसायला निर्धोक वाटतं, पण बऱ्याचदा सर्टिफिकेटवर नंबर असतो, डब्यावर वर्ष असतं, आणि संग्राहक लोक या गोष्टी भिंगाने बघतात. जुळवलेलाच असेल तर 'जुळवलेला डबा' म्हणा, त्यालाही गिऱ्हाईक असतं.

पाठवताना एक: मोडक्या डब्याच्या भरवशावर नाणं पाठवू नका. नाणं वेगळं घट्ट बांधायचं, डबा वेगळा गुंडाळायचा, दोन्ही एका मजबूत खोक्यात, आणि खोका कानाशी धरून हलवायचा. खुळखुळलं तर परत उघडा.

परवा एकाचा मेसेज आला, त्याला नाणं नकोच होतं, त्या अंगठ्यावाल्या नाण्याचा रिकामा डबा आणि सर्टिफिकेट हवं होतं, म्हणे त्याच्याकडचं नाणं नुसतंच आहे. डबा दिला, पेनाच्या हिशोबासकट (हो, तोच डबा निघाला). सर्टिफिकेट नाही दिलं. ते ज्या नाण्याबरोबर आलं त्याच्याबरोबरच राहू दे, उद्या ते कुठल्या नकली नाण्याच्या शेजारी जाऊन बसलं तर मला कळणारही नाही. त्याने विचारलं, झाकणावर हे काय लिहिलंय? म्हटलं मामीचा हिशोब आहे, आणि लिस्टिंगमध्ये फोटो आहे त्याचा.